कावेरीचा मेंटॉर कोण?

बसा निवांत. चहा येतोय, तोवर माझ्या जीवनकार्याची गोष्ट ऐकून घ्या. हो, जीवनकार्यच. मला ते पन्नाशीला आल्यावर सापडलं, आणि सापडलं तसं माझ्याच हातून गेलं. कसं गेलं ते सांगायला लाज वाटते, पण तुम्ही घरचीच माणसं. आणि कॉलेजात तर ते सगळ्यांना माहीतच आहे.

मी नाशिकच्या बाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून टिकून आहे. वर्षानुवर्षं मी नाशिक रोडहून स्कूटरवर जायचो, फळ्यावर आकृत्या काढायचो, पोरं त्यांचे मोबाईलवर फोटो काढायची आणि आम्ही सगळे समाधानाने घरी जायचो. आयुष्यात काही कमी आहे, असं कुणाला वाटत नव्हतं.

मग मॅनेजमेंटने पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावले. त्यांनी आम्हा सगळ्या प्राध्यापकांना एसी हॉलमध्ये बसवून डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, स्वतःला विचारा, मी इथे का आहे? बाकीच्यांनी त्या संधीचा योग्य तो उपयोग केला. माझ्या शेजारचे धारणकर तर घोरायलाच लागले. मी मात्र मूर्खासारखं खरंच विचारलं. पहिल्यांदा आतून उत्तर आलं, पगारासाठी. पण तज्ज्ञांचा आवाज इतका मऊ होता की दुसऱ्यांदा विचारल्यावर मला चक्क रडू आलं. आपण मुलांची आयुष्यं घडवायला जन्मलो आहोत, हे मला त्या हॉलमध्ये, दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी कळलं.

तेव्हापासून मी मेंटॉर झालो. तसे आम्ही सगळेच झालो होतो, प्रत्येकाला पोरांचा एकेक गट वाटून दिला होता. पण बाकीचे कागदावर झाले आणि मी मनापासून. धारणकरांनी त्यांच्या गटाला वर्षभरात एकच मार्गदर्शन केलं, ते म्हणजे दार लावून घ्या. मी माझ्या केबिनमधलं टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्या गोल मांडल्या, स्वतःच्या खिशातून लिंबू चहा ठेवला. पोरं यायची, चहा प्यायची आणि हजेरी वाढवून मिळेल का विचारायची. मी त्यांना विचारायचो, तुमच्या आत काय चाललंय? ती एकमेकांकडे बघायची. रात्री जेवताना हे सगळं मी बायकोला सांगायचो. ती म्हणाली, आधी घरातल्या पोरांशी दोन शब्द बोलून बघ, ती पण कॉलेजातच जातात.

पण मग कावेरी आली.

कावेरी देवरे. सेकंड इयर, गाव सटाण्याच्या अलीकडे. मुलगी अबोल. त्या दिवशी बाकीचे चहा पिऊन गेले तरी ही बसून राहिली. हळूहळू बोलायला लागली. तिची मावशी दिंडोरीला असते. तिथे द्राक्षबागेवर ड्रोनने फवारणी होताना तिने बघितली होती आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिला कॉलेज सोडून ड्रोन उडवायचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. पण तिच्या वडिलांनी, आप्पांनी, अख्ख्या भाऊबंदकीत सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी इंजिनिअर होणार.

आता खरं सांगतो, ड्रोनबद्दल मला एवढंच माहीत होतं की लग्नात तो डोक्यावर घोंघावतो आणि अक्षता उडवतो. शहाण्या माणसाने म्हटलं असतं, थांब, चौकशी करू, आप्पांशी बोलू. मी काय केलं? मी उठलो, खिडकीपाशी गेलो, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि बाहेरच्या पार्किंगकडे बघत म्हणालो, "कावेरी, मनाचं ऐक. बाकी सगळं आपोआप होतं."

मागे वळलो तर तिचे डोळे भरलेले. माझेही भरले. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बायकोने विचारलं, आज काय विशेष? मी म्हणालो, तुला नाही कळणार.

सोमवारी कावेरी वर्गात नव्हती. मंगळवारी कळलं की हॉस्टेलची खोली रिकामी आहे आणि फोन बंद आहे. तिच्या रूममेटने रेक्टर मॅडमना सांगितलं, ती बॅग घेऊन गेली, जाताना म्हणाली, सर म्हणाले मनाचं ऐक. दुपारपर्यंत कँटीनमध्ये बातमी झाली, देवरे पळाली. संध्याकाळपर्यंत ती कुणाबरोबर पळाली तेही ठरलं. तो बिचारा मुलगा तापाने आजारी पडून घरी गेला होता, पण ऐकतंय कोण. मला तिचं स्वप्न माहीत होतं, तरी सगळे इतकं खात्रीने बोलायला लागले की मलाही वाटलं, ड्रोन वगैरे नुसती थाप असेल, आणि आपण तिला पळून जायला आशीर्वाद दिला.

रेक्टर मॅडमनी तिच्या घरी फोन लावला. आप्पा फोनवर म्हणाले, आम्हाला समजलंय सगळं, आम्ही बघून घेऊ.

बघून घेऊ! आता तुम्हीच सांगा, ज्याची पोरगी पळाली तो बाप हे वाक्य म्हणतो तेव्हा तो नक्की काय बघणार असतो? मी पुढे चौकशी केली नाही. चौकशी केली की आपलं नाव निघतं. केबिनमधल्या खुर्च्या पुन्हा सरळ ओळीत लावल्या, लिंबू चहा बंद केला. गटातल्या पोरांनी काही मनातलं सांगायला सुरुवात केली की मी जर्नल पूर्ण झालंय का विचारायचो.

असे काही आठवडे गेले. माझी भीती ओसरत आली होती. आणि एका सकाळी, वर्कशॉपमध्ये पोरांचं प्रॅक्टिकल घेत असताना, खिडकीतून गेटवर एक जीप थांबलेली दिसली. नंबर प्लेट एमएच ४१. सटाणा-मालेगावकडची गाडी. आतून तीन माणसं उतरली. मधला उंच, पांढऱ्या टोपीतला, आणि त्याच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत काहीतरी गोल आणि जड होतं, चालताना ती झोके घेत होती. शिपायाने वर्कशॉपकडे बोट दाखवलं.

आता काय केलं असेल मी? मोठ्या लेथ मशीनच्या मागे बसलो. तिथे एक पोरगं आधीच मोबाईल घेऊन लपलेलं होतं. त्याने मला थोडी जागा दिली, हे त्याचे उपकार.

ते टोपीवाले, म्हणजे कावेरीचे आप्पा, दारातच उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, कावेरीचे ते मेंटर सर इथं हायेत का? सगळा वर्ग, एकजात सगळा, लेथकडे बघायला लागला. इतकी एकाग्रता त्यांनी माझ्या शिकवण्याकडे कधी दाखवली नव्हती. मला उठावं लागलं.

"तुमीच का सर?" आप्पा म्हणाले. "पोरीला मनाचं ऐक म्हणणारे?"

त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझा धीर सुटला. मी म्हणालो, छे छे, भलतंच काय. मी असं बोलूच शकत नाही. मी मुलांना नेहमी सांगतो, आईवडिलांचं ऐका. मन काय, मन काहीही सांगतं. मनाचं ऐकायला सांगणारा शिक्षक म्हणजे समाजाचा शत्रू. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण समोरचा माणूस नुसता बघत होता, म्हणून मी माझ्या दोन्ही मुलांची शपथ घेतली. तीसेक पोरांसमोर. त्यातली निम्मी माझ्याच गटातली, माझा लिंबू चहा प्यायलेली.

आप्पांचा चेहरा पडला. पिशवीतून अर्धा बाहेर आलेला हात त्यांनी परत आत घातला. पण मला दिसायचं ते दिसलं. नारळ होता. नारळाखाली गुलाबी फेट्याचं कापड.

मग ते सांगायला लागले. पोरगी पळाली नव्हती, ट्रेनिंगला गेली होती. आप्पा तिला ओढून आणायला गेले, तर ती शेताच्या बांधावर उभी राहून आभाळातलं ते यंत्र फिरवत होती. आप्पा बांधावरच बसून राहिले. आता ती परीक्षा पास झाली होती, गावात तिची फवारणी सुरू झाली होती आणि उद्या गावाने तिचा सत्कार ठेवला होता. "म्हणलं, ज्यांनी तिला धीर दिला त्या सरांच्या हातूनच व्हावा. पोरीला सांगितलं नाय, तिला एकदम दाखवायचं होतं. म्हणून नाव बी नाय विचारलं."

मी घसा साफ केला. म्हणालो, तसं आप्पा, अगदीच काही बोललो नसेन असं नाही. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, सर. दुसरा असता तर फुकटचा मान घेतला असता. तुमी खरं बोलणारे माणूस." मग बरोबरच्या भावाकडे वळून म्हणाले, "हाऊ तो मास्तर नही शे." हा तो मास्तर नव्हे, एवढी अहिराणी मलाही कळते.

तेवढ्यात धारणकर आले. वर्कशॉपची किल्ली मागायला. आप्पांनी त्यांनाही विचारलं, मनाचं ऐक म्हणणारे सर तुमीच का? धारणकरांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या नारळाकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं. आणि शांतपणे म्हणाले, "हो. काय म्हणतेय आपली कावेरी?"

दुसऱ्या दिवशी धारणकर कावेरीच्या गावी गेले. गुलाबी फेटा बांधलेला त्यांचा फोटो पेपरात आला, शेजारी ड्रोन, पलीकडे कावेरी. कावेरीचा चेहरा जरा गोंधळलेला होता, पण तो छपाईचा दोष असेल असं सगळे म्हणाले. कॉलेजने त्यांना आदर्श मेंटॉर पुरस्कार दिला. त्या कार्यक्रमात त्यांची ओळख करून द्यायची जबाबदारी माझ्यावर होती, कारण माझं मराठी बरं आहे. मी त्यांचं वर्णन मुलांच्या मनाचा ठाव घेणारा प्राध्यापक असं केलं. टाळ्या पडल्या. माझ्या गटातली पोरं सगळ्यात जोरात वाजवत होती, माझ्याकडे बघून.

पुढे एकदा कावेरी दाखला न्यायला कॉलेजात आली. उन्हाने काळवंडलेली, चालण्यात एक रुबाब. सरळ माझ्या केबिनमध्ये आली. मी मान खाली घालून खुर्ची पुढे केली. तिने सांगितलं, स्टेजवर धारणकर सरांना बघून ती गडबडली होती, पण गावासमोर पाहुण्याचा अपमान नको म्हणून पाया पडली. वर्कशॉपमधला प्रकार तिला पोरांकडून कळला होता. तिने विचारलं, "सर, तुम्ही 'नाही' असं का म्हणालात?"

मुलांशी प्रामाणिक राहावं असं मला पुण्याच्या तज्ज्ञांनी शिकवलं होतं. मी म्हणालो, घाबरलो गं. मला वाटलं तुझे आप्पा मला मारायला आले.

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"बरं झालं, सर," ती म्हणाली, "तुम्ही इतके घाबरट आहात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर तुमचं ऐकलंच नसतं."