नाकाची खोली

आमच्या लिकरच्या, म्हणजे संत्र्याच्या गोड दारूच्या, कारखान्यात एक खोली आहे, तिला कसलाच वास नाही. मुद्दाम तशी बांधलीये. पणजोबांना पंप नको होता, म्हणून सगळं वरून खाली येतं. माळ्यावर फटीफटींच्या भिंती, तिथे संत्र्याची सालं वाळतात. मधल्या मजल्यावर तांब्याची भट्टी. खाली दगडी तळघरात पिंपं, आणि त्यांना लागून ही एवढीशी खोली. खिडकी नाही, लाकूड नाही, नुसता दगड. कारण वर संत्रंच संत्रं, तिथे नाक बावचळतं.

भट्टीतून एक बारीक नळी या खोलीत येते. पहिले थेंब उग्र, ती धार टाकून द्यायची. वास गोड झाला की खालून नळीवर चमच्यानं ठकठक करायचं, मग वरचा माणूस तोटी फिरवतो आणि धार पिंपात पडते.

आजीनंतर ही ठकठक माझ्या आत्याची. त्यापायी तिनं जन्मात पावडर लावली नाही, लग्नातसुद्धा सेंट नाही. आतोबा, म्हणजे तिचे मिस्टर, म्हणायचे, "बायको केलीये का पाण्याचा ग्लास!" वर तोटीवर माझे बाबा, तिचा धाकटा भाऊ. ते नळीतून ओरडणार, "नाकाडे, झोपलीस का?" ती खालून, "तू तोंड बंद ठेव, तुझाच वास येतोय!"

थंडीत आत्याला ताप आला. नंतर एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर दूध करपून कोळसा, अख्ख्या घरात धूर, आणि आत्या तिथेच पाठ करून भांडी पुसत उभी! मी किंचाळले तेव्हा वळली. तोंड पांढरंफटक.

"कसलाच वास येत नाही गं. तापापासून. बाबाला बोलू नकोस."

"अगं मग ठोकतेस कशी?"

"अंदाजपंचे."

मी म्हटलं, माल बिघडला तर? कारखान्याचं नाव जाईल. ती रडली. मग म्हणाली, आज नाहीच ठोकत, तो ओरडला की सांगून टाकते.

म्हणून त्या दिवशी मी तिच्याजवळ बसले. भट्टी लागली. थेंब पडायला लागले, मला आधी नाकात झोंबलं, मग हळूहळू संत्रं आलं, गोड गोड. मी तिच्याकडे बघितलं. तिनं चमचा मांडीत घट्ट धरलेला. ओरडतील आता बाबा. आता ओरडतील.

बाबा ओरडले नाहीत.

भिंतीपलीकडे पिंपात धार पडायला लागली. अगदी वेळेवर.

आत्या ऐकत राहिली. म्हणजे बाबांना माहीत होतं. कधीपासून ते देव जाणे, वर त्या संत्र्याच्या घमघमाटात कसाबसा स्वतःच वास घेऊन तोटी फिरवत होते, आणि ही खाली बसून जीव टांगणीला लावून ठोकत होती.

मला वाटलं आता उठेल. नाही उठली. डोळे पुसले, पुढे वाकली आणि नळीवर ठोकलं. ठक ठक.

वरून लगेच बाबा, "ऐकलं गं, नाकाडे!"

"तोंड बंद ठेव," ती म्हणाली. पुढचं तिला बोलताच आलं नाही.