डबल एमएंची विचारपूर्वक सही

कचेरीत समोर 'साहेब' आणि पाठ वळली की 'डबल'. गृहस्थ दोनदा एमए झालेले, दोन वेगळ्या विषयांत, आणि दोन्ही वेळा काठावर. एवढ्या विद्वत्तेचं जगाने काय केलं? तर आवक-जावक विभागात नेऊन बसवलं. सव्वीस वर्षं ते आलेला कागद आला आणि गेलेला गेला म्हणून नोंदवताहेत, पण ऐट अशी, की यांनी हुकूम दिल्याशिवाय कागद जागचा हलायचा नाही.

हाताने काम करणारा माणूस त्यांना दिसतच नसे. नळ दुरुस्त करणारा हातभर अंतरावर उभा असला, तरी हे बायकोला म्हणत, "त्याला विचार, किती वेळ लागेल." स्वतः मात्र बल्ब बदलायला स्टुलावर चढले की चक्कर यायची.

अशा माणसाच्या पोटी लेक निघाली ती पाना-पकडीत रमणारी. शेजारच्या इमारतीतली लिफ्ट अडकली, की अभ्यास टाकून ही मेकॅनिकच्या खांद्यावरून डोकावायला हजर. बारावी झाली आणि तिला लिफ्ट दुरुस्तीच्या दोन वर्षांच्या कोर्सला जागा मिळाली.

डबलनी कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं. "म्हणजे लोकांना वर-खाली करणार?"

"तुम्ही कागद आत-बाहेर करता, बाबा. तसंच."

"मी पदवीधर आहे!"

"हो ना, तोही बीए धरून तीनतीनदा."

झालं! दुसऱ्याच दिवशी डबलनी तिचा शाळेचा मूळ दाखला उचलला आणि कॉलेजात बीएसाठी जमा करून टाकला. तो दाखला शुक्रवारपर्यंत प्रशिक्षण केंद्रात पोचला नाही, तर लिफ्टची जागा दुसऱ्याला जाणार. कॉलेजातला कारकून म्हणाला, "परत हवाय? अर्जावर वडिलांची सही आण." पोर रडकुंडीला आली.

"अर्ज दे इकडे," आई म्हणाली. बाई फारशी शिकलेली नव्हती, पण नवऱ्याची बुद्धी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे तिला पाठ होतं.

आपण किती ओझं वाहतो हे दिसावं म्हणून डबल कचेरीतला गठ्ठा घरी आणत. सही हवी तिथे शिपायाने पेन्सिलने बारीक फुली मारलेली असे. सकाळी चहा पिता पिता साहेब फुली शोधत, सही ठोकत, पान उलटत. वर काय लिहिलंय ते वाचणं त्यांनी दुसऱ्या एमएनंतर कायमचं सोडलं होतं.

बाईने अर्जावर फुली मारली आणि गठ्ठ्यात तिसरा सारला.

सही झाली. "चहा पातळ आहे," एवढाच शेरा.

शनिवारी चहा पिता पिता दोरीवर निळा गणवेश वाळताना दिसला. "हे कोणाच्या परवानगीने?"

बायकोने अर्जाची झेरॉक्स पुढ्यात ठेवली. "तुमच्याच."

डबलनी सही निरखून पाहिली. फसवलं म्हणून ओरडावं, तर न वाचता सही करतो हे कबूल करावं लागणार. हाताखालच्या पोरांना 'न वाचता सही करणारा गाढव असतो' असं रोज सुनावणारा हाच माणूस!

"अहो, वाचूनच केलीत ना?" बायकोने इतक्या भोळेपणाने विचारलं, की लेकीने हसू दाबायला तोंड फिरवलं.

एकीकडे लेकीची पदवी, जिच्यासाठी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. दुसरीकडे स्वतःची शेखी. निवडायला अर्धा घोटसुद्धा लागला नाही.

"अर्थात वाचून. विचारपूर्वक निर्णय आहे माझा."

"कधी घेतलात, बाबा?"

"तुला नाही कळायचं ते."

सोमवारी लेक जाडजूड बूट वाजवत जिना उतरली. डबल दारात उभे राहून शेजाऱ्याला सांगत होते, "उभ्या वाहतुकीच्या तंत्रशास्त्राला घातलीय तिला. फार मोजक्यांना प्रवेश मिळतो."

"उभी वाहतूक? म्हणजे लिफ्ट का हो?"

"अं... त्यात लिफ्टसुद्धा येते."