"कोनाची गो तू?"

आमची मुलगी गेली तेव्हा ती नुकती धरून धरून उभी राहू लागली होती. तापाचं निमित्त झालं. त्यानंतर मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. देवीशी माझं भांडणच होतं. जिनं दिलं तिनंच ओरबाडून न्यावं, आणि वर मी तिला फुलं वाहावीत?

वाशी तेव्हा नवी होती. नव्या इमारती, बंद दारं. हे सकाळीच कारखान्यात जायचे. येणारेजाणारे "दुसरं होईल" म्हणायचे. मुलीचं नाव मात्र कोणी काढत नसे. एका सकाळी मी शेजारच्या वहिनींकडे चावी दिली, "ह्यांना द्या" म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यांचा दोष नाही. परत यायचं नाही हे मी ठरवलंय, ते माझ्या तोंडावर थोडंच लिहिलं होतं?

बेलापूर रस्त्याच्या बसमध्ये बसले. तळवली गावापाशी वाजंत्री ऐकू आली आणि का कोण जाणे, मी उतरले. गावदेवीची जत्रा होती. त्या दिवशी गावच्या लेकी माहेरी येतात, देवीची ओटी भरतात आणि आईकडे जेवायला जातात. मी रिकाम्या हातांनी देवळाच्या पायरीवर बसले. परकी बाई एकटी येईल हे तिथल्या बायकांच्या मनातच येईना. ही कोणाची तरी लेकच असणार!

"कोनाची गो तू?" एकीनं विचारलं. तेवढ्यात एक म्हातारी पुढे झाली, "माजी हाय" म्हणाली आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेली.

तांदळाची भाकरी वाढून ती समोरच बसली. मग हळूच म्हणाली, "खरा सांग, जीव द्याला निंगालीस काय?"

आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणाले आणि धाय मोकलून रडले.

"माजी पोर पन अशीच गप ऱ्हायची," ती म्हणाली. "मी इचारलाच नाय. ती गेली."

संध्याकाळी ती माझ्याबरोबर घरी आली. वहिनींकडची चावी तिनंच घेतली. हे कामावरून आल्यावर त्यांना म्हणाली, "हिला एकटी ठेवू नको. डागतरकडं ने." ह्यांनी नेलं, पुष्कळ दिवस नेलं. दुःख गेलं नाही, पण मी राहिले. पुढे कधीतरी दिवाही लागला. शरण जाणं म्हणजे काय ते मी पूर्वी पोथ्यांत शोधत असे. माझ्या वाट्याला ते त्या एका "हो"मध्ये आलं.

दर जत्रेला मी ओटी घेऊन म्हातारीकडे जायचे. ती वारल्यानंतरच्या पहिल्या जत्रेला गेले, तर पायरीवर गावातल्या एका नव्या सुनेनं विचारलं, "या कोनाच्या?" आता मी कोणाची सांगू?

देवळातून कोणीतरी म्हणालं, "आमची हाय."