तिसऱ्या हाकेला

आधीच सांगून ठेवते — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आणि हे लिहिताना तो अचानक बसलाय असंही नाही. आमचं घर बौद्ध. आज्यानं दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. अंगारे-धुपारे करणाऱ्याला आमच्या अंगणात कधी पाय ठेवू दिला नाही. मी स्वतः पुढं जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळं या सदरातले हडळींचे किस्से वाचून मला हसूच येतं. माझ्या अनुभवात हडळ नाही. साहेब आहे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बाबा फॉरेस्ट गार्ड होते, अहेरीच्या पुढं जंगलातल्या एका गावी. मी चंद्रपूरला कॉलेजात. बाबांना लकवा मारला... उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी धावत घरी आले. डॉक्टर म्हणाले, नागपूरला हलवा, लवकर हलवा, पण आडवं झोपवून न्या. आता आमच्या गावची एसटी म्हणजे दारात लोंबकळणारी माणसं — तिच्यात आडवं कुठं झोपवणार? खात्याची जीप होती. ती मागायला मी ऑफिसात गेले. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. तशी ऑफिसं पुष्कळ आहेत.

साहेब म्हणाला, "गाडी द्यायची तर कर्मचारी आधी माझ्यासमोर हजर पाहिजे. नियम आहे."

"साहेब, त्यांना कूस बदलता येत नाही."

"मग घेऊन या."

"कशात आणू? त्यासाठीच तर गाडी मागून राह्यले."

"ते तुमचं तुम्ही बघा."

असं रोज. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी हात हलवत परत. कधी साहेब दौऱ्यावर, कधी मीटिंगमध्ये. एकदा तर जीप साहेबाच्या पाहुण्यांना वाघ दाखवायला गेलेली. वाघ! आणि घरी आई बाबांच्या तोंडात चमच्यानं पेज घालत होती, त्यातली अर्धी गालावरून ओघळत होती. आजही ती जीप आठवली की माझं डोकं फिरतं.

बाबांची एक सवय इथं सांगायला हवी. हाक मारली तर पहिल्या हाकेला ते ओ देत नसत. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेलाच घसा खाकरून म्हणायचे, "हाजिर." आई वैतागायची, "कान फुटले का तुमचे?" जंगलातल्या आमच्या गावात पुष्कळ लोक हे पाळायचे. म्हणायचे, जंगलात जे काही फिरतं ते दोनदाच हाक मारतं, आणि त्याला ओ दिली की माणूस गेला. बाबा मात्र मला सांगायचे, "भूत-बित काई नाई बाई. जंगलात आवाज फिरते. तिसऱ्यांदा हाक आली म्हणजे समजाचं, माणूसच आहे." मानत नव्हते, पण पाळत होते. मी यावरून त्यांना खूप चिडवायची.

तर एके दिवशी मी साहेबाच्या टेबलासमोरून हललेच नाही. म्हटलं, जीप घेतल्याशिवाय जात नाही, काय करायचं ते करा. साहेब भडकला. शिपायाला म्हणाला, "पुकारा कर. तीनदा. गार्ड हजर नसला तर गैरहजर दाखवू, प्रकरण बंद."

शिपाई बाबांच्या ओळखीचा, वयस्क माणूस. तो घुटमळला. "साहेब, तो तं बिचारा खाटेवर पडून आहे..."

"पुकार म्हणतो ना."

तो व्हरांड्यात गेला. दुपारची वेळ, बाहेर भक्क ऊन. "गार्ड लहानू उंदिरवाडे, हाजिर होऽऽ" — कुणी नाही. परत पुकारलं. आतला बाबू गालातल्या गालात हसत होता. मला वाटत होतं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि... जाऊ द्या. शिपायानं तिसऱ्यांदा पुकारलं.

आधी घसा खाकरला. मग, "हाजिर, साहेब."

पायऱ्यांपाशीच. बाबांचा आवाज. मी पळत बाहेर गेले. आवारात सागवानाची लाकडं रचलेली, सावलीत एक कुत्रं झोपलेलं. माणूस नाही. मी ऑफिसच्या मागं जाऊन पाहिलं, लाकडांमागं पाहिलं. वेड्यासारखी "बाबा, बाबा" करत होते. शिपाई पायऱ्यांकडं बघत भिंतीला टेकला होता. बाबूचं हसू गेलं होतं. साहेब खुर्चीतून उठून उभा होता, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "गाडी घेऊन जा."

खरं सांगते, जीपमध्ये बसले तेव्हा मला आनंद झाला होता.

गावी पोचले तर अंगणात माणसंच माणसं. आई खाटेपाशी. मला म्हणाली, "बोलले बाई, तुहे बाबा बोलले. 'हाजिर, साहेब' मनले, एकदम चांगलं. मी पानी आनाले उठली... तं गेले होते."

"कधी?"

"दुपारी. शाळेची पोरं जेवून परत जाऊन राह्यली होती तवा."

शिपाई मातीला आला होता. एका बाजूला बसून रडत होता. मला म्हणाला, "दोनदा पुकारून थांबाले पाह्यजे होतो मी." आणि खात्यानं काय करावं? आईला लेखी विचारलं, की कर्मचारी हजर नसताना जीप कुणासाठी नेली.

माझ्या कानांना भास झाला म्हणा. मग शिपायाच्या कानांना? आणि घरी आईच्या? मी खूप डोकं लावलं, लॉजिक बसत नाही. राग मात्र आहे, जसाच्या तसा. बाबांनी सारी नोकरी जंगलात काढली आणि तिथल्या कुठल्याच हाकेनं त्यांचं काही वाकडं केलं नाही. तिसऱ्यांदा हाक मारणारा माणूसच असतो, एवढाच त्यांचा भरवसा होता.