गाणाऱ्याला खुर्ची, ऐकणाऱ्याला नाही

घरपोच आलेली दोन तिकिटं तीन हजारांची, सोनागिरीतल्या आमच्या घरून रिक्षा वेगळी. एवढं करूनही आज माझ्या बाबांना बसू दिलं नाही.

बाबा सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या तरुणपणीचा रॉक बँड भोपाळला आला, म्हणून हौसेने नेलं. मी भजनाला जाणारी बाई. सवयीने सतरंजी घेतली, लवकर जाऊन पुढे अंथरली आणि बाबांना बसवलं.

गार्ड धावत आला. “आंटी, ये भजन नहीं है. यहाँ सब खड़े रहते हैं.”

बाबा हसले. “बेटा, ये मेरे घुटनों को समझा दे.”

त्याने सतरंजीच ओढली. बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्या म्हणे पाहुण्यांच्या!

तिसऱ्या गाण्याला बाबांचे पाय थरथरू लागले. तेवढ्यात स्टेजवर गायकासाठी खुर्ची आली. तेही बाबांच्याच वयाचे. लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

“चल सुमे, पुरे झालं,” बाबा म्हणाले. त्यांचं आवडतं गाणं आम्ही गेटबाहेर, फुटपाथवर सतरंजी टाकून ऐकलं.

माझ्या रामाच्या देवळात तर म्हाताऱ्या माणसाला कुणी उठवत नाही हो!

ज्येष्ठांना खुर्च्या द्या, असं पत्र उद्याच आयोजकांना देणार आहे. तुमचं नाव घालू का? उलट टपाली इथेच, ग्रुपवर कळवा.