पुस्तक मिटून विचारलेला प्रश्न

मारेगावच्या स्टँडवर बाबांनी मला वणीच्या जीपमध्ये मधल्या सीटवर बसवलं आणि दार लावता लावता सांगितलं, "वणी येईपर्यंत कोनाशी बोलू नको." मी दहावीत होते. शाळा अर्ध्यात सोडून नागपूरला मावशीकडे निघाले होते. जीप हलली तेव्हा बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. मागे रस्त्यावर कोण उभं आहे, ते पाहत होते.

ती कापसाच्या पडत्या भावाच्या वर्षांतली गोष्ट. कुठल्या घरून आत्महत्येची बातमी येईल याचा नेम नव्हता, आणि गावातला राग कुणावर तरी उतरायची वाट बघत होता. आम्हा पोरांना ते कळत नव्हतं. नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी पुस्तकं मिटायला लावली आणि विचारलं, "आपल्या गावात न्याय कुठं कमी पडतो?"

 आधी बंजारा तांड्यावरचा एक मुलगा म्हणाला, गोरबोलीत बोललो की दुकानात हसतात. मग मी उठले. आम्ही बौद्ध वस्तीतले. आई कापूस वेचायला जायची. मी म्हणाले, "वावरात माह्या मायले माठाले हात लावू देत नाहीत. ओंजळीत वरून पानी टाकतात." कुणाच्या वावरात, ते मी सांगितलं नाही. ते वैशालीनं सांगितलं. तिचे वडील गावातले मोठे शेतकरी.

"आमच्याच वावरात. माही आईच टाकते. मले ते पटत नाही."

मग सगळा वर्गच बोलायला लागला. घंटा झाली तरी कुणी उठेना. इतका आनंद मला शाळेत पुन्हा कधी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी वेचणीला बोलवायला वस्तीत कुणी आलं नाही. बाहेरगावच्या बायकांचा टेंपो आमच्या दारावरून गेला. भांडण नाही, शिवी नाही. चक्कीवर आमचं दळण तसंच पडून राहायचं. पानठेल्यावर कुणीतरी हसत बाबांना म्हणालं, "पोरगी लय बोलते म्हनते तुही." त्या हसण्याला बाबा घाबरले. सरांची बदली झाली. वैशालीची जागा रिकामीच राहिली. उन्हाळ्यात तिचं लग्न आदिलाबादकडं लावून दिल्याचं आईनं मला नागपूरला फोनवर सांगितलं.

निघताना मी विचारलं होतं, "माह्यं काय चुकलं, बाबा?"

"चुकलं नाही," ते म्हणाले. "म्हनूनच जाय."

आता मी पुण्यात शिकवते. इथली मुलं 'इक्वॅलिटी', 'प्रिव्हिलेज' हे शब्द सहज वापरतात, आणि मला वाटायचं, इथं बोलायला भीती नाही. परवा नववीतल्या रियानं वर्गात सांगितलं, तिच्या सोसायटीत कामवाल्या मावशींना लिफ्ट वेगळी आहे आणि तो नियम तिच्याच वडिलांनी केलाय. मी नकळत दाराकडे पाहिलं. आज निरोप आला: रियाचे वडील प्रिन्सिपलांना भेटून गेले, उद्या मला बोलावलंय. रिया आज आली नाही.

बाबा अजून गावातच राहतात. त्यांना फोनवर सगळं सांगितलं.

"मंग आता कुठी जाशीन?"

"कुठीच नाही."



गावात मागे राहिलेल्यांनो, आणि वैशाली, तू जिथं असशील तिथं तुलाही हे लिहितेय. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून मारेगावच सांगते. पुणं माझं आहे की नाही, ते उद्या कळेल. रियाच्या घरचा फोन सकाळपासून कुणी उचलत नाहीये.