निरीक्षणाला आलेली मॅडम

"औद्योगिक समाजशास्त्रात एम.ए. करतेय," असं तिनं सांगितलं की शेजारचे काका न चुकता विचारत, "म्हणजे शेवटी होणार कोण?" खरं तर तिलाही ते नीट सांगता येत नसे. कामगार एकमेकांशी कसे वागतात, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. त्यासाठी ती साबणाच्या कारखान्यात गेली आणि पॅकिंग विभागाच्या दारातच म्हणाली, "मी निरीक्षण करायला आलेय."

झालं! बायकांना वाटलं, इन्स्पेक्टर आली. टोप्या डोक्यावर चढल्या, माना खाली गेल्या. तिनं काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "सगळं छान आहे, मॅडम." एवढ्यावर प्रबंधाचं पानही भरेना. आठवडा असाच कोरडा गेला.

मग त्याच विभागात काम करणारी तिची आत्या रजेवरून परतली.

"ही इन्स्पेक्टर? अगं बायांनो, भाची आहे माझी! घरी स्वतःचा कप विसळत नाही, ती तुमचं काय तपासणार?"

विभागभर हशा पिकला. भाचीचे कान लाल झाले, पण बायकांची तोंडं उघडली ती मिटेचनात. मुकादम कोणाला झुकतं माप देतो, कोणाचा कोणाशी अबोला आहे, सगळं बाहेर आलं. प्रबंध चांगला गुटगुटीत झाला.

पुढे तिथंच कामगार कल्याण अधिकाऱ्याची जागा निघाली. मुलाखतीत मॅनेजरनं शंका काढली, "आमच्या बायका फार अबोल आहेत. तुमच्याशी बोलतील?"

"बोलतील, सर," ती म्हणाली. "थांबवायचं कसं, तेवढं मात्र अजून जमलेलं नाही."